त्यांना गाण्याबद्दल विचारा

७ फेब्रुवारीला दापोलीहून वणंदला जाताना गाणी आधी ऐकू येतात, गर्दी नंतर दिसते. रमाबाई आंबेडकरांचं हे जन्मगाव. त्यांच्या जयंतीला इथे स्पीकरवर एकामागून एक रमाईची गाणी लागतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या बायका दुसऱ्या ओळीपासून साथ धरतात. कुणाला आठवावं लागत नाही. पंचक्रोशीतल्या बौद्धवाड्यांत ही गाणी पाळण्यापासून कानावर पडलेली असतात. पण ती कुणी रचली, कुणी गायली, गाणारा ती कुणाकडून शिकला आणि एखाद्या गाण्याला कव्वालीचा ठेका का घेतला, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ही चूक ऐकणाऱ्यांची नाही. गाणाऱ्यांशी नीट, निवांत बोलून ते लिहून ठेवायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते पुरेसं केलेलं नाही.

दीर्घ मुलाखत ही मराठीत चांगली रुजलेली कला आहे, संगीताच्या बाबतीत तर विशेषच. प्रा. बी. आर. देवधरांचं ‘थोर संगीतकार’ वाचताना उस्तादांच्या खोलीत बसल्यासारखं वाटतं, कारण देवधर स्वतः गाणारे होते आणि काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या तोलावरून घराणी उलगडून दाखवली. ख्यालगायकाशी आपण तासन् तास आवाजाच्या लगावाबद्दल बोलतो. शाहीर, जलसाकार, तमाशातली गायिका किंवा आंबेडकरी कव्वाल समोर आला की मात्र प्रश्न बदलतात. गरिबी किती होती, मार कुठे खाल्ला, बाबासाहेबांना पाहिलं होतं का. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण ते साक्षीदाराला विचारायचे प्रश्न आहेत. समोर बसलेली व्यक्ती कलावंतही आहे, हे त्या बैठकीत कुणाच्या ध्यानी राहत नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचंच बघा. तमाशाच्या फडावर नाचता-नाचता कळा सुरू झाल्या, राहुटीत जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात ठाऊक नाही असा माणूस विरळा. ती सांगायलाच हवी, कारण तमाशातल्या बाईच्या वाट्याला काय येत होतं ते त्या एका दगडात आहे. पण विठाबाई २००२ साली गेल्या तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्यावर जे लिहिलं गेलं त्यातून ही एक गोष्ट वजा केली तर हातात किती उरतं? त्या गाणं कसं उचलत, ढोलकीवाल्याला कशी खूण करत, मैदानात मागच्या माणसापर्यंत शब्द कसा पोचवत? त्यांच्या वेदनेची नोंद झाली, विद्येची राहून गेली.

वामनदादा कर्डकांच्या बाबतीतही असंच झालं. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला तरुण. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगतं, वाचता येत नाही म्हणून तो रडतो आणि मग जिद्दीने अक्षरं गिरवतो. ही गोष्ट प्रत्येक लेखात येते, आणि ती मलाही हलवते. पण खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. अक्षरओळख उशिरा झालेल्या माणसाच्या कानात वृत्त आधीच बसलेलं होतं; ते कुठून आलं? जात्यावरच्या ओव्या, भजन, की तमाशा? १९४३ साली वामनदादांनी सुरुवात केली ती हिंदी सिनेमातल्या एका गाण्याच्या चालीवर. लोकांच्या ओठांवर असलेली चाल घ्यायची आणि तिच्यात नवा विचार भरायचा, ही जलशाची जुनी युक्ती. ती वापरताना किती मात्रांत ‘आंबेडकर’ हा पाच अक्षरांचा शब्द बसवायचा, ‘भीम’ कुठे आणि ‘भीमराव’ कुठे, हा कारागिरीचा भाग आहे. त्यांची हजारो गाणी ह्या कारागिरीवर उभी आहेत. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन त्यांनी लिहिलं हे आपलं भाग्य, कारण मी वाचलेल्या लेखांत आणि भाषणांत त्यांना हे विचारलेलं मला सापडलं नाही.

प्रल्हाद शिंदे तर मला कायम कोडं वाटतात. आषाढीला महाराष्ट्रभर ज्यांचा आवाज घुमतो त्यांचाच आंबेडकर जयंतीला, १४ एप्रिललाही घुमतो. विठ्ठल आणि भीम, दोन्हीकडे तोच खडा, मोकळा गळा. ह्याला विसंगती म्हणणारे म्हणोत. मला त्यात पोटापाण्याचा, कॅसेटच्या बाजाराचा आणि गळ्याच्या स्वभावाचा गुंता दिसतो. तो त्यांनाच सोडवता आला असता. २००४ साली, काही आठवड्यांच्या अंतराने, वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही गेले.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीतकारांशी झालेल्या संवादांची आठवण इथे येते. १९३८ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स ह्या संग्राहकाने जेली रोल मॉर्टनला पियानोपुढे बसवलं आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू केलं. मॉर्टन बोलता-बोलता वाजवत होता. जुन्या फ्रेंच क्वाड्रिल नाचाची चाल बदलत बदलत जाझ कशी झाली, हे त्याने शब्दांत सांगितलंच, पण त्याची बोटं ते करून दाखवत होती. मुलाखत आणि मैफल एक झाली. मॉर्टन १९४१ साली वारला. ते रेकॉर्डिंग नसतं तर न्यू ऑर्लिन्सचा एक अख्खा काळ ऐकीव राहिला असता. अर्थात लोमॅक्स गोरा होता, आणि मॉर्टनला त्याने न्यू ऑर्लिन्सच्या बदनाम वस्तीच्या गोष्टींकडेही बरंच वळवलं. विचारणारा कोण आहे यावर काय विचारलं जाईल हे ठरतं.

म्हणून मला आर्ट टेलरचं पुस्तक अधिक जवळचं वाटतं. टेलर स्वतः ड्रमवादक, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबर वाजवलेला. युरोपात राहायला गेल्यावर त्याने १९६८ ते १९७२ या काळात आपल्याच बिरादरीतल्या माइल्स डेव्हिस, नीना सिमोन, डिझी गिलेस्पी, सनी रोलिन्स, मॅक्स रोच अशा कलावंतांशी गप्पा मारल्या आणि १९७७ साली ‘नोट्स अँड टोन्स’ नावाने त्या छापल्या. त्यात सराव आहे, पैसा आहे, समीक्षकांवरचा राग आहे, ‘जाझ’ हा शब्द आपल्यावर कुणी लादला याची चर्चा आहे. वंशभेद प्रत्येक पानावर आहे, पण तो कलेच्या अंगाने येतो: कुठल्या क्लबात कुणाला वाजवू दिलं, कुणाच्या चालीवर कुणी पैसे केले. वादक वादकाला विचारत होता, त्यामुळे कुणालाही आपलं दुःख मांडून आपली योग्यता सिद्ध करावी लागली नाही.

१९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं, संताप घेतला, कवितेची धार घेतली. टेलरचा टेपरेकॉर्डर मात्र घेतला नाही.

तरी आपल्याकडे काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. भीमराव कर्डकांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे’ लिहिलं. स्वतः जलशात उभा राहिलेला माणूस फड कसा जमायचा, गण, बतावणी, गाणी कशी रचली जायची ते सांगतो. आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे तर माझ्या मते मराठीतल्या मुलाखत-लेखनाचा मानदंड आहे. चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्या चुलीपाशी बसून ह्या दोघींनी त्यांना बोलतं केलं. उर्मिलाताई आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या, त्यामुळे त्यांच्या कानाला बोली परकी नव्हती. विषय संगीताचा नव्हता, पण पद्धत हीच. गायकांसाठी असं पुस्तक अजून व्हायचं आहे. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ने गाणी पूर्ण वाजू दिली, गाणाऱ्यांना घरात, गल्लीत, वेळ देऊन ऐकलं; चौदा वर्षं त्यासाठी दिली. पण तो चित्रपट ज्याच्यापासून सुरू होतो तो शाहीर विलास घोगरे, मुंबईतल्या रमाबाई नगरात दलितांवर झालेल्या पोलीस गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलै १९९७ ला, स्वतःला संपवून गेलेला होता.

आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. एकतारी घेऊन गाणाऱ्या कडुबाई खरात मोबाइलवरून घरोघर पोचल्या, हे फार मोलाचं झालं. मात्र अशा कलावंतांच्या ज्या मुलाखती मी पाहतो त्यांत हलाखीचा प्रश्न आधी येतो आणि एकतारी बाजूला टेकवलेली राहते. ती एकतारी कुठल्या स्वरात लावली आहे, एवढं विचारलं तरी पुढचा तासभर वेगळा होईल.

आणि दापोलीचं काम तर सगळ्यात निकडीचं आहे. हा कॅम्प दापोलीचा भाग महार सैनिक-पेन्शनरांचा. गोपाळबाबा वलंगकर इथेच राहून लिहीत होते, आणि बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ यांच्या कबीरपंथी घरातली भजनं लहानग्या भीमाच्या कानावर पडली तीही इथे. कोकणात अनेक गावांत लग्नाला, पालखीला, शिमग्याला वाजवणं हे महारकीचं काम होतं, बलुत्याच्या तुकड्यावर करायचं. १९५६ च्या धर्मांतरानंतर असंख्य वादकांनी ते वाद्य खाली ठेवलं. अभिमानाने, ठरवून. तो निर्णय योग्यच होता. पण वाद्य ठेवलं तेव्हा बोटांतलं ज्ञान कुठे गेलं?

अमेरिकेत बँजोचं असंच झालं. आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचं ते वाद्य. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून त्याची टवाळी केली, आणि कृष्णवर्णीयांनी पुढे ते टाकून दिलं. २००५ नंतर गायिका-वादक रिआनन गिडन्स आणि तिचे तरुण साथीदार नॉर्थ कॅरोलायनात जो थॉम्पसन नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या फिडलवादकाच्या घरी नियमाने जाऊन बसू लागले. त्याच्या फिडलबरोबर बँजो वाजवत, त्याचं ऐकत ते शिकले. २०१२ साली जो वारला, तोवर त्याच्या चाली त्यांच्या हातात आल्या होत्या.

१९५६ साली पंधरा वर्षांचा असलेला पोरगा आज पंच्याऐंशीच्या आसपास आहे. बापाच्या मागे टिमकी घेऊन तो शेवटच्या शिमग्याला चालला असेल. त्याच्यासमोर बसून विचारायचं ते एवढंच आहे, की पालखी घरातून निघताना कुठला ठेका, चढणीला कुठला, नवरीला पाठवताना कुठला, मयताला कुठला. वाजवायचं बंद करायचं कुणी ठरवलं, घरात कोण काय बोललं. त्या रात्री हात शांत राहिले का. आणि तो ढोल पुढे कुठे गेला, माळ्यावर, नदीत, की अजून पडवीत आहे.