शंभर टक्के निकाल आणि एक फसलेला उपचार

शिक्षकमित्रहो, दहावीचा शंभर टक्के निकाल लागल्याचा फलक मिरवणारी एखादी शाळा आपल्यापैकी बहुतेकांच्या माहितीत असेल. कच्च्या मुलांना नववीतच थांबवले किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, की असा निकाल लावता येतो. शिकवणे तेच असते, फक्त परीक्षेला बसणारा गट बदललेला असतो. वैद्यकशास्त्रात हीच चूक झाली आणि तिची किंमत हजारो स्त्रियांनी मोजली.

स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरला, की नेहमीच्या केमोथेरपीने तो सहसा पूर्ण बरा होत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतील काही डॉक्टरांनी विचार केला, की औषधाची मात्रा कित्येक पटींनी वाढवली तर? अशा मात्रेने रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही नष्ट होते. म्हणून रुग्णाचीच मज्जा आधी काढून ठेवायची आणि नंतर परत द्यायची. रक्ताच्या काही कर्करोगांत ही पद्धत उपयोगी पडते, तेव्हा कल्पना वेडगळ नव्हती. उपचार घेतलेल्या स्त्रिया जुन्या नोंदींतल्या रुग्णांपेक्षा जास्त जगल्या, असे पहिले अहवाल आले. उपचाराची मागणी वाढली. १९९३ साली तो नाकारणाऱ्या एका विमा कंपनीला कॅलिफोर्नियातील ज्यूरीने ८ कोटी ९० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितले.

आमचा आक्षेप या तुलनेवर आहे. हा खडतर उपचार कोणाला दिला जात होता? वय फार नाही, हृदय व फुप्फुसे ठणठणीत आणि सुरुवातीच्या औषधांनी गाठी लहान झालेल्या, अशा स्त्रियांना. शिवाय प्रत्यारोपणाच्या दिवसापर्यंत जिवंत राहणे ही तर न लिहिलेली अटच होती. जुन्या नोंदींत मात्र सगळ्याच रुग्ण होत्या.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील संशोधकांनी १९९७ साली एक साधी गोष्ट केली. केवळ नेहमीची केमोथेरपी घेतलेल्या दीड हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी काढून, त्यांतल्या प्रत्यारोपणाला पात्र ठरल्या असत्या अशा त्यांनी वेगळ्या केल्या. या 'पात्र' गटातील निम्म्या स्त्रिया सुमारे ३० महिन्यांहून अधिक जगल्या होत्या. उरलेल्या गटात हाच आकडा सुमारे १७ महिने होता. प्रत्यारोपण तर यांपैकी कोणाचेच झाले नव्हते! फरक घडवला तो निवडीने.

येथे कोणी म्हणेल, की जगण्याचे आलेख काढण्याची शास्त्रशुद्ध रीत आहे ना? आहे. कॅप्लान आणि मायर यांनी ती १९५८ साली मांडली. ज्यांचा पाठपुरावा मध्येच थांबला, त्यांचीही माहिती ती वाया जाऊ देत नाही. पण अशा रुग्णांची पुढची वाटचाल उरलेल्यांसारखीच असेल, हे ती गृहीत धरते. आणि गट मुळातच निवडक असेल, तर आलेख त्या निवडक गटाचेच चित्र काढणार. चुकीच्या गणनेला नेमके गणित वाचवू शकत नाही.

खरा उपाय म्हणजे पात्र रुग्णांतच चिठ्ठ्या टाकून दोन गट करणे. पण उपचार गुणकारी आहे असे आधीच ठरल्यावर चिठ्ठीवर भरवसा कोण ठेवणार? अशा चाचण्यांना रुग्ण मिळेनात. अखेर १९९९ साली अटलांटा येथील परिषदेत पाच चाचण्यांचे निष्कर्ष मांडले गेले. चार चाचण्यांत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. पाचवी, जोहान्सबर्गच्या बेझवोडा यांची, उपचाराच्या बाजूने होती. २०००च्या आरंभी झालेल्या तपासणीत तिच्यातील खोटेपणा उघड झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत तीन वर्षांनंतर प्रत्यारोपणाच्या गटातील ३२ टक्के, तर नेहमीच्या उपचाराच्या गटातील ३८ टक्के स्त्रिया जिवंत होत्या. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. पण लाभाचा मागमूस नव्हता. दरम्यान कित्येक स्त्रियांनी आयुष्याचे मोजके महिने रुग्णालयात यातना सोसत काढले, काही तर उपचारानेच दगावल्या.

वर्गात हे सहज दाखवता येईल. घटक चाचणीच्या गुणांची सरासरी काढायला सांगा. मग सर्वांत कमी गुणांच्या पाच उत्तरपत्रिका बाजूला ठेवून ती पुन्हा काढायला लावा. सरासरी वाढेल. मधल्या वेळात आपण काय नवे शिकवले, असे मुलांना विचारा.