'दास म्हणे' : नाव झाकणाऱ्या अभंगाचा विचार

भाविक वाचकहो, अभंगाच्या शेवटच्या चरणात संतांचे नाव येते, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. मीपण टाका असे सांगणारे संत शेवटी स्वतःचे नाव का घालतात? ही शंका मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग वाचताना आली. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीच्या अभंगांत 'टिळक' कोठे नाहीत. तेथे आहे 'दास म्हणे'. 'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेला हा कवी देवापुढे उभा राहिला की नाव काढून ठेवतो.

हे टिळक 1861 साली कोकणात करजगावी चित्पावन घराण्यात जन्मले आणि 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्यापैकी काहींच्या मनात येथेच अढी बसेल, आणि ती समजण्यासारखी आहे. पण हा गृहस्थ धर्मांतरानंतरही तुकोबांना विसरला नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. ओवी, अभंग, भजन, कीर्तन हे सारे ते आपल्याबरोबर घेऊन गेले. आजही 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून मराठी ख्रिस्ती मंडळ्या त्यांची पदे गातात. म्हणून त्यांच्या अभंगाला आपलाच गज लावून पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे.

येशूच्या ज्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन प्रथम ओढले, त्यात गुप्त भक्तीचा उपदेश आहे. दान करावे ते आपल्याच दुसऱ्या हाताला कळू न देता, प्रार्थना करावी ती खोलीचे दार लावून, आणि उपवास असेल त्या दिवशी तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून लोकांत वावरावे, म्हणजे कोणाला शंका येऊ नये. 'दास' ही मुद्रा मला या उपदेशाचेच फळ वाटते.

मग नाव घालणारे आपले संत कमी नम्र ठरतात काय? नाही. चोखोबा नाव सांगतात ते मिरवण्यासाठी नव्हे. ज्याला महाद्वारापलीकडे पाऊल टाकू दिले नाही त्याची ती साक्ष आहे. जनाबाई तर 'नामयाची जनी' म्हणते, म्हणजे स्वतःच्या नावाआधी धन्याचे नाव लावते. साक्षीदाराने नाव लपवून भागत नाही. टिळकांनी नाव झाकले ते एका तऱ्हेने, संतांनी नाव वाहिले ते दुसऱ्या तऱ्हेने. 'दास' मुद्रेचा गुण असा की ती कोणाच्याही तोंडी बसते. गाणारा क्षणभर तोच दास होतो. तिची उणीवही तीच. दास म्हणवून घेणे सोपे असते, कारण त्या शब्दामागचा माणूस कसा वागला हे अभंगाला विचारता येत नाही.

ते विचारायचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' उघडावे लागते. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात टिळकांचा तापट स्वभाव, सैल हात, लहरी सारे आले आहे, आणि तरी रागाचा शब्द नाही. टिळकांनी धर्म बदलला तो एकट्याने. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्यांतला काही काळ आपल्या पंढरीत गेला. नवऱ्याने गुप्तपणे देव शोधला आणि त्याची किंमत बायकोने उघड्यावर, लोकांच्या नजरा झेलत चुकवली. म्हणून गुप्त भक्तीची स्तुती करताना एक भेद मनात ठेवला पाहिजे. भक्ती झाकावी, पण ज्याचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर पडणार तो निर्णय झाकू नये.

पुढे 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मनाची ही ऐसपैस जागा मला त्यांच्या कोणत्याही नम्रतेच्या ओळीपेक्षा मोठी वाटते. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये ते वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. आरंभीची थोडी प्रकरणे त्यांची. पुढची 64 प्रकरणे लक्ष्मीबाईंनी रचली, ज्यांना लहानपणी धड लिहायला-वाचायलाही शिकवले नव्हते. आजही 'ख्रिस्तायन' म्हटले की पुष्कळांच्या ओठी टिळकांचेच नाव येते. वाचकहो, 'दास म्हणे' असे कोठे न लिहिता घडलेले दास्य ते हेच! नवऱ्याच्या अभंगात जे शब्दाने आले, ते बायकोच्या हातून कामाने झाले.

आता आपल्याकडे वळू. मोडनिंबच्या शेजारी अरण आहे. सावता महाराज पंढरीस गेले नाहीत. मळा सोडला नाही. लपायला जागा मागणाऱ्या पांडुरंगाला त्यांनी स्वतःचे पोट चिरून आत ठेवले, अशी कथा आपण ऐकत आलो. याहून गुप्त देऊळ कोणते असेल? आणि आषाढ वद्यात सावतोबांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी अरणला येते, म्हणजे दार लावलेल्या खोलीचा पत्ता देवाला बरोबर सापडतो.

कोणी म्हणेल, टाळ-मृदंगाच्या गजरात गुप्तपणा कसला? पण वारीत पाहा. शेजारी चालणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. तो माउली, आपणही माउली. पायावर डोके ठेवणारा आणि ज्याच्या पायावर ठेवले तो, दोघेही लगेच गर्दीत मिसळून जातात. ही गर्दी हीच आपली दार लावलेली खोली आहे. मात्र पंढरीच्या वाटेवर त्या खोलीच्या भिंतींवर आता फलक चढू लागले आहेत. पाण्याच्या टाकीवर देणाऱ्याचे नाव, अन्नदानाच्या मांडवावर हात जोडलेला फोटो, आणि फोटोखाली लिहिलेले असते 'वारकऱ्यांचा दास'. दास शब्द आहे, नावही आहे. पण ते चोखोबांसारखे साक्षीचे नाव नव्हे, आणि टिळकांसारखे झाकलेलेही नव्हे.

टिळकांचा अभंग आपल्या भजनात घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. काव्य म्हणून तो तुकोबांच्या पंक्तीला बसत नाही; त्यात तळमळ आहे, पण तुकोबांचा देवाशी चालणारा रोकडा झगडा नाही. तरी येत्या आषाढीला फलकाचे पैसे बाजूला काढताना त्यांची ती दोन अक्षरी मुद्रा आठवावी. त्या पैशांत भाकरीचे पीठ किती येईल याचा हिशेब करावा, आणि ते पीठ कोणी दिले हे भाकरी खाणाऱ्याला कळू देऊ नये.

रामकृष्णहरी.