९९ टक्के, पण कशाचे?

बिबवेवाडीतल्या एखाद्या भंगाराच्या दुकानात जुनी हार्ड डिस्क दिसली, तर तिच्यात निओडिमियमचं चुंबक आहे हे लक्षात घ्या. ते आम्लात विरघळवून त्यात ऑक्झॅलिक ॲसिड घातलं, की दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा साका खाली बसतो. यालाच अवक्षेपण म्हणतात. या विषयावरच्या शोधनिबंधांत ‘९९ टक्के रिकव्हरी’ हा आकडा तुम्हाला हमखास भेटेल. माझा आक्षेप आकड्याला नाही. तो एकटाच छापला जातो, याला आहे.

पहिलं म्हणजे लोखंड. चुंबकाचा जवळपास दोन तृतीयांश भाग तेच असतं. ते फेरस रूपात राहिलं तर त्याचंही ऑक्झलेट खाली बसतं. फेरिक केलं तर विरघळलेलं राहतं, पण ॲसिड खातं. निओडिमियमचं शुद्ध क्लोराइड पाण्यात घेऊन केलेल्या प्रयोगात ही अडचण येतच नाही!

दुसरं, खर्च. हिशोब करून बघा: १ किलो निओडिमियमला किमान १.३ किलो ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक लागतात. पुढे साका भाजून ऑक्साइड करताना ऑक्झलेट जळून जातं, परत मिळत नाही.

तिसरं, निओडिमियम, प्रासिओडिमियम, डिस्प्रोसियम एकत्रच खाली येतात. ती वेगळी करायला द्रावक निष्कर्षण लागतं. केरळात अलुवाला आयआरईएल तेच करते.

म्हणून पुढच्या वेळी ‘९९ टक्के’ वाचलंत की विचारा: द्रावणात लोखंड होतं का? ॲसिड किती लागलं? साक्यात आणखी काय होतं? उत्तरं नसतील, तर काम अर्धंच झालंय.