जोडणीच्या त्रुटिसंदेशांतील मौन

त्रुटिसंदेश शब्दशः खरा असूनही वाचणाऱ्याची दिशाभूल करू शकतो. डेटाबेसशी जोडणी करून देणाऱ्या क्लायंट-प्रणालींत याचा प्रत्यय वारंवार येतो. या दृष्टीने मायएसक्यूएलचे उदाहरण उद्बोधक आहे. एकाच युनिक्स यंत्रावर दोन सर्व्हर चालू आहेत, एक नेहमीच्या ३३०६ या पोर्टवर व दुसरा ३३०७ वर, अशी कल्पना करावी. वापरकर्ता 'लोकलहोस्ट' हे नाव व ३३०७ हा पोर्ट देतो. परंतु युनिक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट 'लोकलहोस्ट' हे नाव सॉकेट-फाइलची खूण मानतो आणि दिलेला पोर्ट निमूटपणे बाजूला ठेवतो. नेहमीची सॉकेट-फाइल पहिल्या सर्व्हरची असल्यास जोडणी त्याच्याशीच होते. दुसऱ्या सर्व्हरचा पासवर्ड तेथे चालत नाही, आणि १०४५ क्रमांकाचा 'प्रवेश नाकारला' हा संदेश येतो. त्याला 'पासवर्ड वापरला : होय' अशी पुस्तीही जोडलेली असते.

या पुस्तीचा अर्थ पासवर्ड पाठविला गेला, एवढाच. वाचणारा मात्र पासवर्डच चुकला असे समजून तो बदलावयास निघतो, आणि कदाचित भलत्याच सर्व्हरवर, जेथे इतरांची कामे चालू असतात! १२७.०.०.१ असा पत्ता दिला असता तर क्लायंट टीसीपीच्या मार्गाने इष्ट सर्व्हरकडे गेला असता. आपण कोणता मार्ग धरला हे क्लायंट सांगत नाही, हा या संदेशाचा खरा दोष होय.

अशा मौनाचे समर्थन सुरक्षिततेच्या नावाने केले जाते. पोस्टग्रेसच्या बाबतीत ते ग्राह्य आहे. अस्तित्वात नसलेल्या नावाने पासवर्ड दिला तरी तेथे 'पासवर्डची पडताळणी अयशस्वी' असेच उत्तर मिळते. खरे कारण सर्व्हरच्या नोंदींत राहते, आणि कोणती नावे खरी आहेत हे परक्यास कळत नाही. पण क्लायंटने स्वतः निवडलेला मार्ग त्याच्याच वापरकर्त्यापासून झाकल्याने कोणाचे रक्षण होते?

पोस्टग्रेसच्या २०२१ मधील १४ व्या आवृत्तीने या बाबतीत विवेक दाखविला. पूर्वी यजमानाचे नाव, पत्ता व पोर्ट ही माहिती 'सर्व्हर चालू आहे काय?' या प्रश्नात गुंतलेली असे. आता कोणत्या पत्त्याशी व कोणत्या पोर्टवर जोडणी फसली हे विधान प्रथम येते, व शंका त्यामागून. मात्र त्या शंकेत आता पोर्टचा उल्लेख उरलेला नाही. पोर्टचा आकडाच चुकला असेल, तर घाईने वाचणारा चालू सर्व्हरच पुन्हा सुरू करावयास जाईल.