टेसचे खोरे

टॉमस हार्डीची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) वाचून संपते, तेव्हा टेसचे दुर्दैव मनात घर करून राहते. ते जिथे घडले ती भूमी मात्र आपण नुसता देखावा समजून विसरतो. वाचकहो, हा हार्डीवर अन्याय आहे.

डॉर्सेट परगण्यातील फ्रूम नदीचे खोरे त्याच्या घरचेच. १८४० साली तो जन्मला ते खेडे याच खोऱ्याच्या कडेला. खडूच्या टेकड्यांतून झरणारे पाणी सतराव्या शतकापासून शेतकरी पाट काढून कुरणांवर खेळवीत. गवत लवकर वाढे, दूध मुबलक होई. १८४७ साली डॉर्चेस्टरला आगगाडी आली आणि पुढे हे दूध लंडनला जाऊ लागले.

टेस या खोऱ्यात गाई पिळते आणि इथेच प्रेमात पडते. एका पावसाळी रात्री ती एंजलबरोबर दुधाचे डबे स्टेशनावर पोचवते. उद्या ते पिणाऱ्या लंडनकरांना आपण कोण, हे ठाऊकही नसेल, असे तिच्या मनात येते. पुढे नवऱ्याने टाकल्यावर ती खडूच्या उंच माळावर, गारगोट्यांतून सलगमासारखे कंद खणते. माती बदलते, काम बदलते आणि सुखही सरते.

हार्डी योगायोगावर फार विसंबतो, हा आक्षेप खराच. गालिच्याखाली सरकलेले पत्र आजही खटकते. पण माती आणि मेहनत यांविषयी तो कधी खोटे लिहीत नाही.