‘साहसी कोण ?’ : ताराबाई शिंदे यांच्या निबंधाची एका श्लोकाच्या अंगानें परीक्षा

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध इ. स. १८८२ मध्यें पुण्यास श्रीशिवाजी छापखान्यांत छापला गेला. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्यानंतर ९३ वर्षें तो विद्वानांच्या दृष्टीआडच राहिला. डॉ. स. गं. मालशे यांनीं तो १९७५ सालीं पुनः प्रसिद्ध केला, आणि रोझालिंड ओहॅन्लन यांचें इंग्रजी भाषांतर १९९४ सालीं निघालें. स्त्रीवादी अभ्यासकांनीं त्याला जें अग्रस्थान दिलें आहे तें यथायोग्यच आहे. परंतु त्याविषयीं जें लिहिलें जातें त्यांत निबंधाची चीड, आवेश आणि घरगुती रोखठोक भाषा यांचेंच कौतुक अधिक. जणूं कांहीं एक बाई रागावली आणि बोलत सुटली ! ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. प्रस्तुत निबंध ही एक टीका आहे. आणि टीका हा शब्द आम्ही येथें आपल्या जुन्या, शास्त्री लोकांच्या अर्थानें योजीत आहों.

निबंधाचें निमित्त सुप्रसिद्ध आहे. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल खटला होऊन तिला फांशीची शिक्षा झाली. अपीलांत ती काळ्या पाण्यावर आली व पुढें आणखी कमी झाली. त्या मुलाचा बाप कोण, हा प्रश्न फौजदारी कायद्यास पडत नव्हता. ‘पुणेवैभव’ पत्रानें या निमित्तानें समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें, त्यास बुलढाण्याहून हें उत्तर आलें. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाचे सभासद. घर मराठ्याचें, म्हणजे संस्कृताचा अधिकार स्त्री म्हणून नाहीं आणि जातीनेंही नाहीं. असें असून निबंधाचा मोठा भाग एका संस्कृत श्लोकाशीं झगडण्यांत गेला आहे, याकडे आमच्या वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

तो श्लोक भर्तृहरीच्या शृंगारशतकांत सांपडतो. पंचतंत्राच्या कांहीं पाठांतही आहे. त्यांत स्त्रीला संशयांचा भोंवरा, अविनयाचें घर, साहसांचें नगर, कपटाची खाण, स्वर्गाच्या दारांतील आडकाठी अशीं एकामागून एक विशेषणें दिलीं आहेत. ताराबाई हीं विशेषणें एकेक करून उचलतात. प्रथम प्रतीक घ्यावयाचें, मग त्याचा अर्थ, मग तो अर्थ प्रतिपक्षावर कसा लागू पडतो तें दाखवावयाचें, हीच टीकाकाराची चाल. संशयाच्या भोंवऱ्याबद्दल त्या असें म्हणतात कीं, बायका अशिक्षित, त्यांच्या मनांत नाना तरंग उठतात हें खरें. पण ते घराच्या चार भिंतींआड फिरतात. पुरुषांच्या मनांतील भोंवरे देशोदेशीं पोंचतात, त्यांचा हिशेब कोणीं ठेवावा ? येथें पूर्वपक्ष नाकारलेला नाहीं. मान्य करून उलटविला आहे. न्यायशास्त्र न शिकलेल्या लेखिकेच्या हातीं हें शस्त्र कसें आलें, याचें आम्हांस फार नवल वाटत नाहीं. कीर्तनांत आणि पंचायतींत वादाची ही रीत गांवोगांव ऐकूं येई.

खरी खुबी आहे ‘साहस’ या शब्दांत, आणि तो त्यांनीं आपल्या निबंधाच्या उपशीर्षकांतच ठेवला आहे. आज मराठींत साहस म्हणजे धाडस, बहुधा स्तुतीचा शब्द. धर्मशास्त्रांत तसें नाहीं. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत साहस हें एक स्वतंत्र पद आहे, आणि त्याच यादींत स्त्रीपुंधर्म हेंही एक पद आहे. नारदस्मृतींत साहसाची जी व्याख्या आहे तिचा आशय असा : बळाच्या गर्वानें जें कर्म केलें जातें तें साहस, कारण ‘सहस्’ म्हणजे बळ. आतां ही व्याख्या श्लोकाशेजारीं ठेवावी. जिच्या हातीं बळ नाहीं, धन नाहीं, वयांत येण्यापूर्वीं जिचें लग्न दुसऱ्यांनीं लावलें आणि वैधव्यानंतर जिचा विवाह दुसऱ्यांनींच बंद केला, ती साहसांचें नगर कशी होते ? स्मृतिकाराच्या मतें साहस हा बलवंताचाच अपराध. ताराबाई नारदाचा हवाला देत नाहींत. पण विधवेस मोहांत पाडणारा कोण आणि मागाहून हात झटकून निघून जाणारा कोण, असें त्या विचारतात तेव्हां त्या नेमक्या त्याच ठिकाणीं पोंचतात. सुरतेच्या खटल्यांतील गुन्हा कोणत्या व्यवहारपदाखालीं घालावा, असा हा प्रश्न आहे. त्याला केवळ चीड म्हणणें म्हणजे निबंध न वाचणें होय.

दोष दाखविले पाहिजेत. तुलनेची पद्धत अनेक ठिकाणीं घसरते : ‘तुम्हीही तसेच’ एवढेंच सिद्ध होतें, आणि तेवढ्यानें पहिला आरोप खोटा ठरत नाहीं. पातिव्रत्याचा आदर्श त्या मुळापासून तपासीत नाहींत. सावित्री नवऱ्यासाठीं यमापर्यंत गेली, बायकोसाठीं कोणता पुरुष गेला, हा त्यांचा टोला बिनतोड आहे खरा, पण सावित्रीचें आसन तो हलवीत नाहीं. इंग्रजी राज्याची स्तुतीही आज वाचवत नाहीं.

आम्ही राहतों त्या रांजणगांवाहून दक्षिणेस जाऊन भीमा ओलांडली कीं दौंड तालुक्यांतील केडगांव येतें. पंडिता रमाबाईंचें ‘मुक्ति’ तेथलें. तेथेंच त्या १९२२ सालीं वारल्या. रमाबाईंचा ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथही १८८२ सालचाच. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे मोठें विलक्षण दृश्य दिसतें. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी संस्कृतांत पारंगत. कलकत्त्याच्या पंडितांनीं तिला ‘सरस्वती’ म्हटलें. तिचें पुस्तक संस्कृतप्रचुर मराठींत स्त्रियांना उपदेश करतें : शिका, सुधारा, आपलें अज्ञान टाका. शास्त्राला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याचें काम त्या वर्षीं संस्कृताचा अधिकार नसलेल्या बाईनें केलें. रमाबाई तेथवर आल्या त्या पांच वर्षांनीं, १८८७ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकांत, आणि आल्यावर मनूचीं वचनें त्यांनींही तशींच एकेक करून तपासलीं. जोतीराव फुले यांनीं १८८५ सालच्या ‘सत्सारा’च्या दोन अंकांत या दोघींचाही कैवार घेतला, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

विद्या ज्याच्या हातीं असते त्यास विद्येंतला अन्याय उशिरां दिसतो, याचें दुसरें उदाहरण आम्ही स्वतः. अध्यापनाच्या काळांत उपर्युक्त श्लोक आम्हीं स्रग्धरा वृत्ताचें उदाहरण म्हणून कितीदां तरी फळ्यावर लिहिला. उदाहरण उत्तमच आहे; सात-सात-सात अक्षरांवर यति इतका स्वच्छ पडतो कीं दुसरा श्लोक शोधण्याची गरज वाटत नसे. वर्गांत मुलीही बसत. गण सगळ्यांचे बरोबर येत. अर्थ आम्ही कधीं सांगितला नाहीं, आणि कोणीं विचारलाही नाहीं.

आतां संग्राहकांस थोडेंसें. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति काढली ती शेंकडों हस्तलिखितें ताडून. इतकीं हस्तलिखितें टिकलीं, कारण पिढ्यान्पिढ्या कोणी तरी तीं नकलून बासनांत बांधून ठेवलीं. वामनपंडितांनीं भर्तृहरि मराठींत आणल्यावर संस्कृत न येणाऱ्यांच्याही वह्यांत तो शिरला. त्याच्या एका श्लोकास एवढें सविस्तर उत्तर देणारा छापील निबंध मात्र शंभर वर्षांच्या आंत दुर्मिळ झाला. सूचींत आपण त्याची नोंद ‘सामाजिक सुधारणा’ या सदराखालीं करतों. आमच्या मतें ती भर्तृहरीच्या टीकांत व्हावयास हवी, म्हणजे शतकें चाळणाऱ्याच्या हातीं तो निदान पडेल.

सुभाषितांच्या हस्तलिखित वह्यांत स्त्रीनिंदेचे श्लोक जेथें येतात तेथें समासांत दुसऱ्या हातानें कांहीं लिहिलें आहे काय, एखादी ओळ खोडली आहे काय, हें सहसा कोणी पाहत नाहीं. शिरूर, दौंड व आसपासच्या भागांतील ज्या घराण्यांत अशा वह्या असतील त्यांनीं ते पान उघडून पाहावें, आणि शाईचा रंग वेगळा दिसल्यास वही न दुरुस्त करतां, न पुसतां, आहे तशी मंडळाकडे दाखवावयास आणावी, अशी विनंती आहे.