उकळत नाही म्हणून निर्धोक?

अलिबागच्या किनाऱ्यावर पागाच्या कडेला शिशाची वजने ओवलेली दिसतात. अशी वजने, पूर्वी बंदुकीच्या गोळ्याही, भंगारातले शिसे चुलीवर वितळवून घरी ओतता येतात. त्याच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद केला जातो : शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण उकळते १७४९ अंशांना, चुलीवर ते इतके तापत नाही, म्हणून वाफ नाही आणि विषबाधाही नाही.

यातील आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. वितळलेल्या शिशावर हवेमुळे ऑक्साइडची साय धरते. ती काढताना उडणारी बारीक पूड हातांना, कपड्यांना, भांड्यांना चिकटते आणि घासाबरोबर पोटात जाते. जुन्या बॅटरीच्या पट्ट्यांत तर शिशाचे ऑक्साइड व सल्फेट आधीच असतात. अंगणात वितळवल्यानेही सुटका नाही. शिसे मूलद्रव्य असल्याने मातीत कुजून नाहीसे होत नाही, आणि त्या मातीत मुले खेळतात. मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

द्रवणांक किती, हे आपण वर्गात नेहमी विचारतो. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : काढलेली साय कोठे टाकली?